‘मी म्हटलंच होतं’ आणि शंभर चिंचोके

प्रश्न थोडक्यात असा: “दादा, निवडणूक असो की क्रिकेट, मी कट्ट्यावर छातीठोक अंदाज सांगतो. २०२४ च्या लोकसभेला तोंडावर पडलो, मग विधानसभेला उलट्या बाजूनं पडलो. तुम्ही इतकी वर्षं पोकर खेळता, शिकवता. पोकर शिकल्यानं असा विचार खरंच सुधारतो का? आणि शिकायचं तर सुरुवात कुठून करू?”

सुधारतो. पण लोकांना वाटतं त्या कारणानं नाही. पोकर म्हटलं की काळा चष्मा, दगडासारखा चेहरा आणि ब्लफ एवढंच डोळ्यांसमोर येतं. सोळा वर्षं टेबलावर काढल्यावर सांगतो, चेहरा वाचण्याचा भाग त्यात फार थोडा. हा खेळ एकच धडा पुन्हा पुन्हा, दर वेळी फी घेऊन देतो: आपण घेतलेला निर्णय वेगळा आणि लागलेला निकाल वेगळा. राजकारणावर आणि क्रिकेटवर आपण रोज जे बोलतो, त्यात नेमकं हेच निसटतं. निकाल लागला की आपण मागे जाऊन निर्णयाला मार्क देतो. जिंकला तो शहाणा, हरला तो मूर्ख, आणि वर “मी म्हटलंच होतं”.

आधी एक डाव सांगतो. ज्यांनी पोकर पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी एवढंच, की होल्डेम या प्रकारात प्रत्येकाला दोन पानं झाकून मिळतात आणि मध्ये सगळ्यांची मिळून पाच पानं उघडतात. आधी एकदम तीन, तो फ्लॉप. मग चौथं, ते टर्न. मग पाचवं, ते रिव्हर. सातांतून ज्याची पाच पानं भारी, पॉट, म्हणजे मध्ये जमलेले सगळे पैसे, त्याचा. प्रत्येक टप्प्यावर पैसे लावायचे नाहीतर पानं टाकून द्यायची.

पणजीला मांडवीच्या पात्रात उभ्या असलेल्या एका कॅसिनोत, रात्री एकच्या सुमारास, मला इस्पिकचा आणि बदामचा एक्का आला. दोन एक्के सरासरी २२१ डावांत एकदा येतात. समोर कोल्हापूरकडचे एक फाउंड्रीवाले बसले होते. पन्नाशीचे, शांत, चिप्सचे मनोरे एकसारखे रचून ठेवणारे. त्यांनी रेझ केलं, म्हणजे रक्कम वाढवली, मी आणखी वाढवलं, त्यांनी पुन्हा वाढवलं, मी होत्या तेवढ्या चिप्स पुढे सरकवल्या. त्यांनी क्षणभर पानांकडे पाहिलं आणि कॉल केला, म्हणजे माझ्याइतक्याच चिप्स लावल्या. किलवरचा राजा, चौकटचा राजा. हाच डाव शंभर वेळा मांडला तर साधारण ८२ वेळा एक्केवाला जिंकतो. फ्लॉपवर सत्ती, दुर्री, अठ्ठी. टर्नला गुलाम. डीलरनं रिव्हरचं पान सरकवलं, उलटलं. बदामचा राजा. त्यांचे तीन राजे, माझे दोन एक्के.

फाउंड्रीवाले अर्धवट उठून उभे राहिले आणि “सॉरी हां” म्हणाले. त्यांची काहीच चूक नव्हती. माझीही नव्हती. चूक मी पुढच्या तासात केली. खिशातून आणखी पैसे काढले आणि एरवी बघताक्षणी टाकली असती अशी पानं खेळत बसलो, कारण मला ‘माझे’ पैसे परत हवे होते. पोकरवाले या अवस्थेला टिल्ट म्हणतात. शब्द पिनबॉलच्या यंत्रावरून आला आहे. खेळणारा चिडून यंत्र हलवायला लागला की ते डाव बंद करायचं. पहाटे हॉटेलच्या खोलीत हिशोब मांडला तेव्हा एक्क्यांवर गेलेली रक्कम आणि त्या तासात गेलेली रक्कम जवळजवळ सारखीच निघाली. पहिली रक्कम मी आजही पुन्हा तशीच लावीन. दुसरी आठवली की अजून कान गरम होतात.

उलटी बाजूही बघ, ती जास्त घातक असते. माझ्याकडे शिकायला येणारा एक मुलगा होता, हुशार, इंजिनिअरिंगचा. एका डावात टर्ननंतर त्याच्याकडे बदामची चार पानं झाली, पाचवं आलं की फ्लश. पॉटमध्ये ४,००० होते. समोरच्यानं आपले शेवटचे ४,००० लावले. म्हणजे ८,००० जिंकायला ४,००० मोजायचे. असा कॉल परवडायला तीनांत एकदा तरी जिंकायला हवं. बाहेर न दिसलेली ४६ पानं, त्यात बदाम ९. जिंकण्याची शक्यता २० टक्क्यांच्या जरा खाली. कागदावर मांडलं तर असा प्रत्येक कॉल सरासरी साडेसोळाशे रुपये घालवतो. त्यानं कॉल केला, रिव्हरला बदामची पंजी आली, पॉट त्याच्याकडे गेला, टेबलानं पाठ थोपटली. त्यानंतर तीन महिने तो मुलगा असे कॉल करत राहिला. मी हरलेल्या एक्क्यांनी मला जेवढं शिकवलं नाही, तेवढं त्या एका बदामच्या पंजीनं त्याला चुकीचं शिकवलं.

आता तुझ्या लोकसभेकडे येऊ.

१ जून २०२४ च्या संध्याकाळी मतदानोत्तर चाचण्या आल्या. बहुतेकांनी रालोआला साडेतीनशेच्या वर जागा दिल्या, काहींनी चारशेपर्यंत नेल्या. सोमवारी, ३ तारखेला, सेन्सेक्स अडीच हजार अंकांनी वर गेला. लोकांनी नुसतं बोलून नाही, पैसे लावून विश्वास दाखवला. मंगळवारी मतमोजणी झाली. भाजप २४०, रालोआ २९३, आणि सेन्सेक्स एका दिवसात जवळपास ४,४०० अंकांनी खाली.

तू लिहिलं आहेस की सगळे चॅनेल एकच सांगत होते म्हणून खात्री वाटली. गफलत तिथेच आहे. दहा चाचण्या म्हणजे दहा स्वतंत्र साक्षीदार नव्हेत. पद्धती मिळत्याजुळत्या, मनातलं न सांगणारा मतदार सगळ्यांना तोच भेटणार, आणि जो सगळ्यांपेक्षा वेगळा आकडा देईल त्याला हसं होण्याची भीती. त्यामुळे एकाचा काटा ज्या बाजूला झुकतो, त्याच बाजूला बाकीच्यांचाही झुकतो. टेबलावर मी हे कितीदा पाहिलंय. एकाच माणसाकडे शिकलेले चार जण एकाच डावाबद्दल “तो ब्लफ करतोय” म्हणतात, आणि पाचव्याला वाटतं चार मतं मिळाली. मिळालेलं असतं एकच. आणि असं होऊ शकतं हे २००४ सालीच दिसलं होतं. तेव्हा ‘इंडिया शायनिंग’चा गजर होता, रालोआ परत येणार हे गृहीत धरलं होतं, आणि काँग्रेस १४५, भाजप १३८ असा निकाल लागला.

महाराष्ट्राचा भाग मला जास्त शिकण्यासारखा वाटतो. ४ जूनला महाविकास आघाडीला ३०, महायुतीला १७ आणि सांगलीत अपक्ष विशाल पाटील. ३० विरुद्ध १७ वाचलं की डोक्यात चित्र उमटतं लाटेचं. त्या रात्रीपासून तू आणि तुझ्यासारखे पुष्कळ जण सांगू लागले की आता विधानसभा आघाडीचीच. पण त्याच निकालात मतांची टक्केवारीही होती, आणि राज्यभरातली मतं पाहिली तर दोन्ही बाजूंमधलं अंतर एका टक्क्यापेक्षाही कमी होतं. आपल्या पद्धतीत ज्याला एक मत जास्त त्याला अख्खी जागा, त्यामुळे मतांतला नखाएवढा फरक जागांत हातभर दिसतो. जागा म्हणजे रिव्हरनंतर कोणी पॉट ओढला ते. मतं म्हणजे पैसे लागले तेव्हा कोणाचे किती टक्के होते ते. मी नेहमी दुसरा आकडा आधी वाचतो.

मुंबई उत्तर-पश्चिम तर याचं जिवंत उदाहरण आहे. शिंदे गटाचे रवींद्र वायकर यांना ४,५२,६४४ मतं, ठाकरे गटाचे अमोल कीर्तिकर यांना ४,५२,५९६. फरक ४८ मतांचा. एखाद्या मोठ्या सोसायटीच्या एका विंगमधली माणसं. दुसऱ्या दिवशी मी दोन्ही बाजूंच्या लोकांशी बोललो. एका बाजूकडे जिंकण्याची पाच कारणं तयार होती, दुसऱ्या बाजूकडे हरण्याची सात. कुठला वॉर्ड, कुठली सभा, कोणाची नाराजी. नऊ लाख मतांत ४८ चा फरक असल्या कारणांनी समजावता येत नाही. त्या दिवशी एखाद्या वस्तीत दोन तास पाणी आलं असतं आणि बाया रांगेतून घरी परतल्या असत्या, तरी खासदार वेगळा असता. जिंकणाऱ्याची मेहनत खरी, हरणाऱ्याचीही खरी, आणि दोघांबद्दल या निकालावरून जे शिकायचं ते जवळजवळ एकच.

मग नोव्हेंबर. जूनच्या शेवटी लाडकी बहीण योजना जाहीर झाली, दरमहा १,५०० रुपये खात्यात येऊ लागले. लोकसभेला राज्यात साधारण ६१ टक्के मतदान झालं होतं, विधानसभेला ते ६६ वर गेलं. म्हणजे फ्लॉपनंतर नवी पानं उघडली होती, आणि तू अजून फ्लॉपवरच बोलत होतास. २८८ पैकी महायुती २३०: भाजप १३२, शिंदे यांची शिवसेना ५७, अजित पवारांची राष्ट्रवादी ४१. आघाडीचे तिन्ही पक्ष मिळून ४६.

इथं माझी स्वतःची नोंदही दाखवतो, नाहीतर मी उपदेश करतोय असं व्हायचं. मतदानाच्या दिवशी, २० नोव्हेंबरला, माझ्या अंदाजांच्या वहीत महायुतीच्या बहुमताला ६२ टक्के लिहिलेलं आहे. बाजू बरोबर आली. पण त्याच ओळीत जागांचा पट्टा १५५ ते १८५ असा लिहिलाय, आणि शेजारी ‘जवळजवळ नक्की’. २३० हा आकडा त्या पट्ट्याच्या कितीतरी बाहेर. बाजू बरोबर आल्याबद्दल मी स्वतःला फारसे मार्क देत नाही, ६२ म्हणजे नाणं जरा झुकलेलं इतकंच. पट्टा अरुंद काढला याचे मात्र मार्क कापले. ज्या निवडणुकीत मतांतला थोडासा झोका जागांत एवढा मोठा होतो, तिथं पट्टा रुंदच हवा होता, आणि हे मला जूनपासून माहीत होतं. माहीत असून वापरलं नाही.

क्रिकेटमध्ये आपण याहून निर्दय असतो, कारण तिथं निर्णय घेणारा माणूस टीव्हीवर समोर दिसतो.

२४ सप्टेंबर २००७, जोहान्सबर्ग. पाकिस्तानला शेवटच्या षटकात १३ हव्यात, एकच गडी शिल्लक, मिस्बाह खेळतोय. धोनीनं चेंडू जोगिंदर शर्माच्या हातात दिला. पहिला वाइड, मग एक निर्धाव, मग सरळ षटकार, मग तो स्कूप आणि शॉर्ट फाइन लेगला श्रीशांत. भारत ५ धावांनी जिंकला. तेव्हापासून हा किस्सा ‘धोनीचा जुगार’ म्हणून सांगितला जातोय. श्रीशांतच्या हातून तो झेल सुटला असता तर हाच किस्सा ‘धोनीचा मूर्खपणा’ म्हणून सांगितला गेला असता. दोन्ही सांगणाऱ्यांनी धावफलक बघितलेला नसतो. आर. पी. सिंग, श्रीशांत, इरफान, तिघांची चारही षटकं संपलेली. ज्यांचं एकेक षटक उरलं होतं ते मुख्य गोलंदाज दोनच, हरभजन आणि जोगिंदर. हरभजनच्या तीन षटकांत ३६ गेल्या होत्या, आणि सतराव्या षटकात याच मिस्बाहनं त्याला तीन षटकार मारले होते. जोगिंदरच्या तीन षटकांत गेल्या होत्या १३. नाव बाजूला ठेवून नुसते आकडे दाखवले तर दहावीतलं पोरही जोगिंदरला चेंडू देईल. धोनीचं मोठेपण त्या क्षणी नाव बाजूला ठेवता आलं यात आहे, आणि झेल घेतला गेला नसता तरी ते तेवढंच राहिलं असतं.

२०११ ला वानखेडेवर युवराजच्या आधी तो स्वतः फलंदाजीला आला, तेव्हाही हेच. त्या स्पर्धेत त्याचं एकही अर्धशतक नव्हतं. पण समोर मुरलीधरन, खेळपट्टीवर डावखुरा गंभीर, आणि आणखी एक डावखुरा पाठवला असता तर ऑफस्पिनरची सोय झाली असती. नाबाद ९१ झाल्या म्हणून तो निर्णय बरोबर ठरला असं म्हणू नकोस. नऊवर बाद झाला असता तरी कारणं तीच होती.

माझ्या मते यापेक्षाही सुंदर निर्णय २९ जून २०२४ चा, बार्बाडोसचा. पंधराव्या षटकात क्लासेननं अक्षरला धुतलं, २४ धावा. आता दक्षिण आफ्रिकेला ३० चेंडूंत ३० हव्यात, सहा गडी हातात. आमच्या घरात त्या वेळी कोणी बोलत नव्हतं, भावजय उठून ओट्याशी गेली होती. मी वहीत आफ्रिकेला ९० लिहिले. रोहितपुढे प्रश्न असा, की बुमराहची उरलेली दोन षटकं कधी वापरायची. वर्षानुवर्षांची पद्धत अशी की हुकमी गोलंदाज एकोणिसाव्यासाठी राखायचा. पण एकोणिसावं येईपर्यंत सामनाच संपला असता तर राखून ठेवलेलं षटक काय कामाचं? मेंढीकोट खेळणाऱ्या कुणालाही विचार, हुकूम हातात धरून डाव हरण्यासारखं दुःख नाही. रोहितनं सोळावं बुमराहला दिलं, फक्त ४. सतराव्याच्या पहिल्याच चेंडूवर हार्दिकनं क्लासेनला काढलं. अठरावं पुन्हा बुमराह, यान्सनची विकेट आणि २ धावा. एकोणिसाव्यात अर्शदीपनं ४ दिल्या. शेवटच्या षटकात १६ हव्या असताना पहिल्याच चेंडूवर मिलरचा फटका, सूर्यानं दोरीपलीकडे जाता जाता चेंडू हवेत सोडला आणि परत आत येऊन धरला. भारत ७ धावांनी जिंकला.

आता माझे ते ९० चुकले का? मला नाही वाटत. ९० म्हणजे दहांत एकदा असं होणारच, आणि ते त्या रात्री झालं. पण एवढ्यावर सोडून दिलं तर ही पळवाट होते. प्रत्येक चुकीच्या अंदाजावर “दहांत एकदा होतंच” म्हणता येतं. म्हणून वही लागते. नव्वद-नव्वद म्हटलेल्या सगळ्या गोष्टी एकत्र काढायच्या आणि खरोखर दहांत एकदाच चुकलो का ते मोजायचं. मी पहिल्यांदा मोजलं तेव्हा दर पाचांत एकदा चुकत होतो. म्हणजे मी ज्याला ९० म्हणत होतो ते प्रत्यक्षात ८० होतं. हे कळायला मला दोन वर्षांच्या नोंदी लागल्या, आणि कळल्यावर बोलणं आपोआप खाली आलं.

इथंच पोकर आणि बाकी दोन यांच्यातला मोठा फरक आहे, आणि पोकर शिकलेली मंडळीसुद्धा तो विसरतात. टेबलावर तासाला पंचवीस-तीस डाव होतात. वर्षभरात हजारो. नशीब वर-खाली होऊन शेवटी तुझा खरा वकूब दिसायला लागतो, आणि तोही सावकाश. लोकसभेच्या निवडणुका १९५१-५२ पासून २०२४ पर्यंत झाल्या अठरा. टी-ट्वेंटी विश्वचषक २०२४ पर्यंत नऊ. एखाद्या विश्लेषकानं सलग तीन निवडणुका बरोबर सांगितल्या तर लोक त्याला द्रष्टा म्हणतात. तीन सलग डाव जिंकलेल्या माणसाला कुठल्याही टेबलावर कोणी चांगला खेळाडू म्हणत नाही, चहा मागवायला सांगतात. त्यामुळे राजकारणावर बोलताना ‘कोण जिंकणार’ या एका मोठ्या प्रश्नावर स्वतःला तोलू नकोस. पन्नास छोटे प्रश्न घे. तुझ्या जिल्ह्यातल्या प्रत्येक मतदारसंघात कोण, फरक दहा हजारांच्या वर की खाली, मतदान गेल्या वेळेपेक्षा वाढेल का, हा आमदार वर्षाच्या आत पक्ष बदलेल का. क्रिकेटमध्ये तसंच. मालिकेचा निकाल एकच असतो, पण प्रत्येक सत्राआधी नोंद केलीस तर एका कसोटीत पंधरा नोंदी होतात.

वहीची पद्धत साधी आहे. दोनशे पानी वही घे, मोबाईलवर नको, मोबाईलवर मागचं गुपचूप बदलता येतं. एका ओळीत तारीख, विधान आणि टक्के. विधान असं, की नंतर वाद होता कामा नये. “अमुक पक्ष चांगली कामगिरी करेल” हे विधान नाही, “अमुक पक्ष ४० च्या वर जागा घेईल” हे आहे. खाली दोन ओळी: असं का वाटतं, आणि काय दिसलं तर मी हे मत बदलीन. ही दुसरी ओळ लिहिताना बहुतेकांचं पेन थांबतं. जिथं पेन थांबलं तिथं समजायचं की इथं आपण पक्षाच्या किंवा खेळाडूच्या प्रेमात आहोत. प्रेमात असायला माझी हरकत नाही. मीही आहे, सचिन खेळायचा तेव्हा मी कधीच धड अंदाज देऊ शकलो नाही. पण त्या ओळीपुढे मी छोटा ‘प्रे’ लिहून ठेवतो आणि त्या नोंदी वेगळ्या मोजतो.

महिन्याच्या शेवटी गुण काढायचे. ग्लेन ब्रायर नावाच्या अमेरिकन हवामानतज्ज्ञानं पावसाच्या अंदाजांसाठी १९५० मध्ये एक मोजमाप दिलं, ते इथं चपखल बसतं. गोष्ट घडली तर १, नाही घडली तर ०. तुझा टक्का दशांशात लिही, दोन्हींतला फरक काढ, त्याचा वर्ग कर. ९० टक्के म्हटलंस आणि झालं, तर दंड ०.०१. ९० म्हटलंस आणि झालं नाही, तर ०.८१. ६० म्हणून चुकलास तर ०.३६. आणि काहीही अभ्यास न करता प्रत्येक गोष्टीला ५० म्हणत गेलास तर कायम ०.२५. सरासरी ०.२५ च्या वर आली तर त्या विषयावर आपण गप्प बसलेलं बरं, एवढं सरळ उत्तर तो आकडा देतो. मी दोन विषय असे सोडले. एक शेअर बाजार, दुसरा आयपीएलचा लिलाव.

तुझा दुसरा प्रश्न, शिकायचं कुठं. आधी कुठं नाही ते ऐक, कारण यात मी पोरं बुडताना पाहिली आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, २२ तारखेला राष्ट्रपतींची सही झाली. खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा, पैसे लावून ऑनलाइन खेळवणं त्यानं बंद केलं. पोकर त्यात आलं. मी स्वतः ऑनलाइन खेळून बरंच शिकलो, त्यामुळे मला वाईट वाटलं हे लपवत नाही. पण माझ्या एका विद्यार्थ्याच्या आईनं मला रात्री अकराला फोन करून विचारलं होतं, “सर, तो तुमच्याकडे शिकतो ना, मग घराचे हप्ते का थकलेत?” तो माझ्याकडे यायचा बंद होऊन वर्ष झालं होतं. त्या फोननंतर मी पैशानं खेळणाऱ्यांना शिकवणं थांबवलं. तेव्हा कुणी आडवाटेचं ॲप, परदेशी साइट, टेलिग्रामवरचा ग्रुप सुचवला तर जाऊ नकोस. कायद्याचा प्रश्न आहेच, शिवाय तिथं पैसे अडकले तर दाद मागायला कोणी नाही. सामन्यांवरचा आणि निवडणुकांवरचा सट्टा तर विचारातही आणू नकोस. गोव्यात कॅसिनोत बसणं कायदेशीर आहे, पण प्रत्येक पॉटमधून कॅसिनो आपला वाटा काढतो, त्याला रेक म्हणतात. टेबलावरच्या सगळ्यांचा वकूब सारखा असेल तर रात्रअखेर सगळेच थोडेथोडे हरलेले असतात.

शिकायला पैसे लागतच नाहीत. लागतं ते एवढंच, की हरल्यावर जरा टोचायला हवं. आमच्या घरी आम्ही चिंचोके वापरतो. दिवाळीत आणि मे महिन्यात चुलत-मावस सगळी जमली की सतरंजी टाकायची आणि प्रत्येकाला शंभर. माझी भाची अकरा वर्षांची आहे. तिनं गेल्या मे महिन्यात दोन राण्या हातात असताना मधे एक्का आणि राजा पडलेले पाहून पानं टाकली आणि म्हणाली, “मामा, मगाशी या चांगल्या होत्या, आता नाहीत.” कट्ट्यावरच्या मोठमोठ्या माणसांना जूनमधून नोव्हेंबरमध्ये येताना जे जमलं नाही ते तिला दोन पानांत जमलं. मी इतका खूश झालो की तो डाव मीच हरलो ते नंतर लक्षात आलं.

तेच चिंचोके कट्ट्यावर घेऊन जा. कोणी म्हणालं “नक्की पडणार तो”, तर भांडू नकोस, शांतपणे विचार, “शंभरातले किती लावतोस?” माणूस थबकतो. “नक्की”चे आधी पन्नास होतात, मग चाळीस. तुलाही तोच प्रश्न विचारायला सांग आणि आकडा वहीत टाक. पुढची निवडणूक नगरपालिकेची असली तरी चालेल, उलट बरंच, तिथं प्रभाग तुझ्या ओळखीचे असतात.

पहिल्या महिन्यात फक्त चौघं जण बसा, जास्त नको. प्रत्येक डाव संपल्यावर हरणाऱ्यानं आणि जिंकणाऱ्यानं दोघांनीही पैसे लावताना काय दिसत होतं ते सांगायचं, रिव्हर काय आला ते नाही. चिंचोके भाजलेले घ्या, कच्च्यांना पावसाळ्यात कीड लागते. आणि एखाद्याचे शंभर संपले की त्या रात्री त्याला पुन्हा द्यायचे नाहीत. त्यानं कितीही हट्ट केला तरी त्याला चहा करायला पाठवायचं.